पाय एक, चाकं चार

घाटात वीस-पंचवीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसांशी ब्रेकविषयी बोलायला बसलं, की एबीएसबद्दलची, म्हणजे चाक लॉक होऊ न देणाऱ्या अँटी-लॉक ब्रेकबद्दलची तक्रार हमखास निघते. नव्या गाडीचा ब्रेक मनासारखा लागत नाही. जोरात दाबला की पेडल पायाखाली थरथरतं, खालून करकर आवाज येतो आणि खडीवर तर गाडी थांबायची सोडून पुढेच सरकते. ज्याचा गाडीवर हात बसलेला आहे त्याला हे यंत्र कशाला, नवशिक्यांना ठीक आहे, असा त्या बोलण्याचा समारोप असतो. मला ही तक्रार उडवून लावावीशी वाटत नाही. तिच्यामागे अनुभव आहे आणि काही ठिकाणी ती पूर्ण खरी आहे. पण जिथे ती खरी नाही तिथे तिच्यावर विसंबलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो, म्हणून ती नीट तपासून पाहायला हवी.

कसलेला ड्रायव्हर जोरात ब्रेक मारतो म्हणजे नेमकं काय करतो? नुसतं फिरणारं चाक रस्त्यावर घसरत नसतं. ब्रेक लागला की ते गाडीच्या वेगाच्या मानाने थोडं हळू फिरू लागतं, म्हणजे किंचित घसरू लागतं. ही घसर दहा ते वीस टक्क्यांच्या आसपास असते तेव्हा डांबरावर टायरची पकड सर्वांत जास्त असते. त्याच्या पुढे पाय गेला की पकड ढासळते आणि क्षणात चाक लॉक होतं, म्हणजे फिरायचं थांबून नुसतं घसरतं. लॉक झालेलं चाकही गाडी थांबवतं, पण कमी जोराने, आणि ओल्या रस्त्यावर तर फारच कमी. त्याहून घातक म्हणजे त्याची आडवी पकड जवळजवळ संपते. पुढची चाकं लॉक झाली की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी ज्या दिशेने निघाली होती त्याच दिशेने जाते. मागची आधी लॉक झाली तर गाडीची शेपटी बाजूला फिरून पुढे येऊ पाहते.

जुन्या ड्रायव्हरचं कसब या दोन टोकांच्या मधल्या अरुंद पट्टीत पाय टिकवण्यात होतं. तो पेडलवर एकदम लाथ मारत नसे. आधी थोडा दाब, गाडीचं नाक खाली बसू द्यायचं, पुढच्या चाकांवर वजन आलं की दाब वाढवायचा, आणि टायर कण्हायला लागला की तिथेच थांबायचं. निसरड्यावर ब्रेक सोड-दाब, सोड-दाब करायचा, म्हणजे आपण ज्याला ब्रेक पंप करणं म्हणतो ते. हे कसब खरं होतं आणि त्याने अनेकांना वाचवलंही आहे.

एबीएस हेच काम करतं, फक्त प्रत्येक चाकापाशी जाऊन. चाकाच्या हबवर एक दातेरी कडं असतं आणि त्याच्या शेजारी सेन्सर. दाते समोरून सरकतात तशी विजेची स्पंदनं निघतात आणि त्यांच्या गतीवरून कंट्रोलरला चाकाचा वेग कळतो. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी कितीही जोराने ब्रेक लावला तरी दहाव्या हिश्शाच्या सेकंदात थांबू शकत नाही. तेव्हा एखाद्या चाकाचा वेग तेवढ्या वेळात शून्याकडे कोसळताना दिसला, तर ते लॉक व्हायला निघालं आहे एवढाच त्याचा अर्थ. कंट्रोलर त्या चाकाकडे जाणाऱ्या ब्रेक ऑइलचा झडपेने रस्ता बंद करतो. तेवढ्याने भागलं नाही तर दुसरी झडप उघडून दाब सोडतो, एक छोटा पंप ते तेल परत मागे ढकलतो, चाक पुन्हा वेग घेतं आणि पहिली झडप उघडून दाब परत चढतो. हे सगळं सेकंदाला दहा-पंधरा वेळा होऊ शकतं. पायाला जाणवणारी थरथर म्हणजे तेच परत ढकललेलं तेल आणि करकर म्हणजे पंपाचा आवाज. ८० च्या वेगाला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. म्हणजे दर दोनेक मीटरला प्रत्येक चाकाचा ब्रेक नव्याने जोखला जातो.

ही कल्पना आधी विमानात आली, आणि आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या डनलॉप कंपनीने मॅक्सारेट नावाचं यंत्र काढलं. त्यात इलेक्ट्रॉनिक्सचा पत्ता नव्हता. विमानाच्या चाकाबरोबर एक जडचक्र फिरत असे. चाक अचानक मंदावलं की जडचक्र आपल्या वेगाने पुढे जाई आणि झडप उघडून ब्रेकचा दाब कमी करी. लढाऊ विमानांचे वैमानिक कौशल्यात कुठे कमी नव्हते. तरी त्याआधी धावपट्टीवर उतरल्यावर त्यांना ब्रेक चाचपत, हळूहळू वाढवत लावावा लागे, कारण चाक लॉक झालं तर टायर फुटण्याची भीती. मॅक्सारेट आल्यावर चाकं टेकताच पूर्ण ब्रेक लावता येऊ लागला आणि विमान लवकर थांबू लागलं. पकडीची सीमा शोधण्यात जी धावपट्टी खर्ची पडत होती ती वाचली. निष्णात माणसालाही सीमा शोधावीच लागते आणि शोधायला वेळ लागतो, हे तिथे पहिल्यांदा उघड दिसलं.

रस्त्यावर यायला मात्र या यंत्राने वेळ घेतला. १९५८ मध्ये ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीने ते रॉयल एनफिल्डच्या सुपर मीटिऑर मोटरसायकलवर बसवून तपासलं. निकाल उत्साहवर्धक होते, पण रॉयल एनफिल्डच्या तांत्रिक प्रमुखांना त्यात भवितव्य दिसलं नाही आणि विषय तिथेच राहिला. १९६६ मध्ये जेन्सन एफएफ या महागड्या ब्रिटिश गाडीत मॅक्सारेट आलं, १९७१ मध्ये अमेरिकेत क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये चारही चाकांचं इलेक्ट्रॉनिक अँटी-लॉक आलं, आणि १९७८ मध्ये बॉशने बनवलेली यंत्रणा मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बसली. आजचं एबीएस हा तिचाच वंश आहे.

आता खरा सामना. सपाट, कोरडा, एकसारख्या डांबराचा रस्ता, आधीपासून ठरलेली जागा आणि सराव असलेला चालक असं सगळं जुळून आलं, तर कसलेला पाय एबीएसच्या बरोबरीने गाडी थांबवू शकतो, कधी थोडी आधीही. एबीएस सीमेच्या किंचित पलीकडे जाऊन मागे येतं. निष्णात माणूस सीमेच्या किंचित अलीकडे स्थिर राहू शकतो. तक्रार करणाऱ्यांचं हे म्हणणं मान्य करायलाच हवं. पण शर्यतीच्या जगातला अनुभव याच्या पुढचं काही सांगतो. १९९३ च्या फॉर्म्युला वन मोसमात विल्यम्सच्या एफडब्ल्यू१५सी या गाडीत इतर इलेक्ट्रॉनिक मदतींबरोबर एबीएसही होतं आणि तीच गाडी चालवून अलँ प्रोस्टने विश्वविजेतेपद मिळवलं. १९९४ पासून असल्या मदतींवर बंदी आली. जगातले सर्वोत्तम चालक जिथे उतरतात तिथे एबीएस अडथळा ठरत असतं, तर बंदीची गरजच पडली नसती. कोणीही ते आपणहून बसवलं नसतं. आजही जीटी३ गटाच्या शर्यतींत एबीएस चालतं, व्यावसायिक चालक त्याच्या आधारानेच ब्रेक मारतात आणि ते किती लवकर मध्ये पडावं हे स्टिअरिंगवरच्या बटणाने ठरवतात.

आपला रस्ता मात्र शर्यतीचा नाही. पावसाळ्यात घाट उतरताना डावी चाकं कडेच्या लाल चिखलावर असतात आणि उजवी डांबरावर. वळणावर पुढच्या ट्रकमधून सांडलेल्या डिझेलचा पट्टा असतो. पॅच मारलेल्या जागी जुनं डांबर आणि नवं डांबर यांची पकड निराळी असते. अशा वेळी ड्रायव्हरची अडचण त्याच्या कौशल्यात नसतेच. त्याच्याकडे पाय एक, पेडल एक आणि चाकं चार. चिखलावरची चाकं लॉक होऊ द्यायची नसतील तर त्याला दाब त्या चाकांच्या हिशेबाने ठेवावा लागतो आणि डांबरावरच्या चाकांची पकड वाया जाते. डांबराच्या हिशेबाने दाबलं तर चिखलावरची चाकं लॉक होतात. एबीएस डाव्या पुढच्या चाकाचा दाब सोडतं आणि त्याच क्षणी उजव्या पुढच्याचा धरून ठेवतं. जगातला कुठलाही पाय हे करू शकत नाही. हे कसबाचं अपयश मानण्याचं कारण नाही, ती पेडलच्या रचनेचीच मर्यादा आहे.

आणखी एक गोष्ट जुन्या ड्रायव्हरांना माहीत असायला हवी. अशा अर्ध्या-अर्ध्या रस्त्यावर एबीएस मुद्दाम थोडा कमी ब्रेक लावतं. बहुतेक गाड्यांत मागच्या दोन्ही चाकांचा दाब त्यांतल्या कमी पकडीच्या चाकावरून ठरतो, आणि पुढच्या चांगल्या पकडीच्या चाकाचा दाबही जरा सावकाश चढवला जातो. तसं केलं नाही तर गाडी चांगल्या पकडीच्या बाजूला जोरात खेचली जाऊन फिरेल. तेव्हा चिखलात ‘ब्रेक मनासारखा लागला नाही’ ही भावना खोटी नाही. यंत्राने थांबण्याचं थोडं अंतर देऊन गाडी सरळ राखली. घाटात, एका बाजूला दरी असताना, हा व्यवहार मला योग्य वाटतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट दचकण्याची. कसबी ब्रेकिंगचे सगळे दाखले अपेक्षित ब्रेकिंगचे असतात. रस्त्यावर शेळी आडवी येते किंवा पुढचा टेम्पो इंडिकेटर न देता वळतो, तेव्हा नाक बसू द्या, मग दाब वाढवा, टायरचा आवाज ऐका, हा क्रम आठवायला वेळ नसतो. घाबरलेला पाय दोनच गोष्टी करतो. एक तर पूर्ण ताकदीने आपटतो, नाही तर घाईने पण अर्धवट दाबतो. हा दुसरा प्रकार किती सर्रास आहे हे मर्सिडीजच्या लोकांना सिम्युलेटरवरच्या चाचण्यांत दिसलं आणि त्यातून १९९६ मध्ये ब्रेक असिस्ट आलं. पेडल किती झपाट्याने खाली गेलं यावरून ते संकट ओळखतं आणि उरलेला दाब स्वतः भरतं. ही सोय एबीएसशिवाय देताच आली नसती, कारण भरलेला दाब चाकं लॉक करून बसला असता.

आता तक्रार जिथे खरी आहे तिथे येतो. सुट्या खडीवर एबीएस गाडी लांबवर नेतं. याबद्दल वाद नाही. लॉक झालेलं चाक खडीत रुततं आणि फावड्यासारखं पुढे खडीचा ढीग जमवतं. तो ढीगच गाडी अडवतो. चाक फिरत राहिलं की ढीग जमत नाही. अमेरिकेच्या नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत वेगवेगळ्या पृष्ठभागांवर एबीएस चालू आणि बंद ठेवून अंतरं मोजली होती. बहुतेक ठिकाणी एबीएसने अंतर घटलं आणि सुट्या खडीवर ते सरासरी २७ टक्क्यांनी वाढलं. ताज्या खोल बर्फातही हेच घडतं. म्हणूनच १९८० च्या दशकातल्या ऑडी क्वात्रोमध्ये एबीएस बंद करायचं बटण होतं, आणि म्हणूनच चाकणला बजाजच्या कारखान्यात बनणाऱ्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरमध्ये कच्च्या रस्त्याच्या मोडवर मागच्या चाकाचं एबीएस बंद होतं. रॉयल एनफिल्डच्या हिमालयनलाही २०२० मध्ये तशी सोय मिळाली. अशा वाटांवर मुरलेला चालक मागचं चाक मुद्दाम लॉक करून गाडी वळवतो. तिथे यंत्राने मध्ये पडू नये ही त्याची मागणी रास्त आहे.

खड्ड्यांचंही तसंच. खडबडीत उतारावर ब्रेक लावलेला असताना चाक खड्ड्याच्या काठावरून उडालं, की हवेत ते तत्काळ थांबतं. एबीएसला ते निसरड्यावर लॉक होतंय असं वाटतं आणि ते दाब सोडतं. चाक परत टेकेपर्यंत क्षणभर गाडी मोकळी सुटल्यासारखी वाटते. ‘ब्रेक लागलाच नाही’ असं जे कोणी सांगतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी हेच अनुभवलेलं असतं. नव्या यंत्रणांनी हा दोष कमी केला आहे, पण खराब रस्त्यावर तो अजून भेटतो आणि त्यावर उपाय म्हणजे खड्ड्याच्या आधी ब्रेक मारून खड्ड्यात पाय हलका करणं. हे जुनंच कसब आहे आणि एबीएसच्या गाडीतही ते तितकंच लागतं.

एक जुनी सवय मात्र आता घातक झाली आहे. एबीएसच्या गाडीत ब्रेक पंप करायचा नसतो. आपण पेडल सोडतो तेव्हा आपण स्वतःच ब्रेक काढून घेत असतो आणि यंत्राला काम करायला दाबच उरत नाही. थरथर जाणवली की पाय दचकून मागे घेण्याची खोडही तशीच. पेडल पूर्ण दाबायचं, गाडी थांबेपर्यंत दाबलेलं ठेवायचं आणि नजर ज्या मोकळ्या जागेत गाडी न्यायची तिथे ठेवून स्टिअरिंग फिरवायचं. जितका माणूस जुन्या गाडीत मुरलेला, तितकं हे त्याला जड जातं. म्हणून माझं सांगणं असतं की पहिल्या पावसानंतर रिकाम्या ओल्या मैदानात, आजूबाजूला कोणी नाही हे पाहून, ३०-४० च्या वेगाला एकदा ब्रेक पूर्ण दाबून पाहा. ती थरथर ओळखीची झाली की पाय मागे येत नाही.

या सगळ्यात माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा पुरावा म्युनिकच्या टॅक्सीवाल्यांचा आहे, कारण टॅक्सीवाला हा रोज तासन् तास गाडी चालवणारा मुरलेला ड्रायव्हर. १९८० च्या दशकात तिथल्या एका टॅक्सी कंपनीच्या ताफ्यातल्या काही गाड्यांना एबीएस होतं, काहींना नव्हतं, बाकी गाड्या सारख्याच. अपघातांची नोंद तीन वर्षं ठेवली गेली. दोन्ही गटांच्या अपघातांच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. मग प्रवासी म्हणून निरीक्षक बसवले. कुठल्या गाडीला एबीएस आहे हे त्यांना सांगितलेलं नव्हतं आणि आपल्यावर कोणाचं लक्ष आहे हे ड्रायव्हरला ठाऊक नव्हतं. एबीएसच्या गाड्या जास्त झपाट्याने वळवल्या जातात, त्यांची लेनची शिस्त ढिली असते, पुढचं पाहून चालवणं कमी असतं, असं त्यांच्या नोंदींत दिसलं. ब्रेकने दिलेली जादा सुरक्षितता चालकांनी वेगात खर्चून टाकली होती. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ जेराल्ड वाइल्ड यांनी माणूस आपल्या मनातल्या धोक्याची पातळी कशी कायम राखतो याबद्दल जे मांडलं, त्यात हा दाखला पुढे वारंवार आला.

अमेरिकेतल्या आकड्यांतही याची सावली दिसते. खडीवरच्या चाचण्या घेणाऱ्या तिथल्या त्याच सुरक्षा संस्थेने २००९ मध्ये एबीएसच्या दीर्घकालीन परिणामांचा हिशेब मांडला. एकूण अपघातांत सापडण्याचं प्रमाण मोटारींमध्ये ६ टक्क्यांनी कमी झालं होतं. ओल्या रस्त्यावरच्या टकरी आणि पादचाऱ्यांना बसणाऱ्या धडका घटल्या होत्या. पण रस्ता सोडून बाहेर जाणाऱ्या गाड्यांचे प्राणघातक अपघात वाढले होते, आणि जीवघेण्या अपघातांची गोळाबेरीज जवळजवळ जिथल्या तिथेच राहिली होती. या वाढीबद्दल एक तर्क असा, की पूर्वी लॉक झालेल्या चाकांनी सरळ जाणारी गाडी आता वळू लागली आणि घाबरून जोरात फिरवलेलं स्टिअरिंग तिला रस्त्याबाहेर नेऊ लागलं. पुढे एबीएसच्याच सेन्सरांवर उभं राहिलेलं ईएससी, म्हणजे गाडी फिरायला लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सरळ करणारी यंत्रणा, नेमक्या याच अपघातांवर परिणामकारक ठरली.

वेगाचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ८० च्या वेगाला पूर्ण ब्रेक लावल्यावर गाडी साधारण ३२ मीटरमध्ये थांबते. ९० ला तेच अंतर ४० मीटरच्या घरात जातं. उत्तम चालक आणि एबीएस यांच्यातला फरक दहा टक्के धरला, कोणाच्याही बाजूने धरला, तरी तो तीन मीटरच्या आसपास येतो. दहा किलोमीटरच्या वेगाने आठ मीटर खाल्ले. शिवाय संकट दिसल्यापासून पाय पेडलवर पडेपर्यंत जो एखादा सेकंद जातो त्यात ८० ला २२ मीटर आणि ९० ला २५ मीटर आधीच मागे पडलेले असतात. पाय मोठा की यंत्र मोठं हा वाद ज्या तीन मीटरसाठी चालतो, ते मीटर गाडी किती वेगात होती यानेच कधीचे ठरलेले असतात.

दुचाकीवर मात्र मला वादाला फारशी जागा दिसत नाही. मोटारीचं चाक लॉक झालं तर ती घसरते, पण उभी राहते. मोटरसायकलचं पुढचं चाक लॉक झालं की चालवणारा बहुधा जमिनीवर असतो, आणि दाब सोडायला त्याच्याकडे सेकंदाचा अंशच असतो. या भीतीने जाणते लोकही पुढचा ब्रेक हात राखून लावतात आणि मागच्यावर भिस्त ठेवतात. खरं तर थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या चाकातच असते. एबीएस ती भीती काढून घेतं. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने एकाच मॉडेलच्या एबीएस असलेल्या आणि नसलेल्या मोटरसायकलींची तुलना केली, तेव्हा एबीएसवाल्यांत प्राणघातक अपघातांचं प्रमाण सुमारे २२ टक्क्यांनी कमी आढळलं. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. त्याखालच्या गाड्यांना तेव्हा दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस यंत्रणा चालत होती, पण ती चाक लॉक होणं थांबवत नाही. आणि सिंगल चॅनेल एबीएसच्या गाडीत ही राखण फक्त पुढच्या चाकाला असते. मागचं चाक लॉक होऊ शकतं, हे गाडी घेतानाच विचारून घ्यावं.

राहता राहिला डॅशबोर्डवरचा पिवळा एबीएसचा दिवा. गाडी सुरू करताना तो लागून विझायला हवा. चालताना तो पेटून राहिला, तर यंत्रणेने स्वतःला बाजूला केलं आहे असं समजायचं. सेन्सरवर चिखल बसतो, दातेरी कडं गंजतं, वायर तुटते किंवा एका चाकाला वेगळ्या मापाचा टायर घातलेला असतो. साधा ब्रेक तेव्हाही पूर्ण लागतो, फक्त चाकं लॉक होऊ शकतात. गॅरेजपर्यंतच्या त्या प्रवासात वेग कमी ठेवायचा, पुढच्या गाडीशी नेहमीपेक्षा दुप्पट अंतर राखायचं, आणि पाय पूर्वी शिकला होता तसाच वापरायचा: आधी थोडा दाब, नाक बसू द्यायचं, मग वाढवायचा, आणि चाक घसरलंच तर सोडून पुन्हा धरायचा.